मूर्तींची भाषा

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे जाणारा रस्ता सुमारे तीस किलोमीटरांचा आहे. वाटेत देवगिरीचा उंच किल्ला लागतो. पुढे खुलताबादचा घाट उतरला म्हणजे डोंगराच्या पश्चिम अंगास ओळीने कोरलेली लेणी दृष्टीस पडू लागतात. लेण्यांच्या अलीकडे लहान लहान दुकाने मांडलेली असतात. त्यांत दगडाच्या, पितळेच्या व मातीच्या मूर्ती असतात: कोठे गणपती, कोठे नटराज, कोठे लक्ष्मी. प्रवासी येतात, एखादी मूर्ती उचलून पाहतात आणि म्हणतात, "ही दिवाणखान्यात शोभून दिसेल." मोल ठरते, मूर्ती कागदात गुंडाळली जाते आणि गावोगावी जाते. तिच्या हातात काय आहे, ती कशावर बसली आहे, तिचा तळवा आपल्याकडे का वळला आहे, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो.

घर सुशोभित करण्यासाठी मूर्ती आणावी, यात गैर काहीच नाही. आपल्या पूर्वजांनीही देवळांच्या भिंती मूर्तींनीच सजविल्या. परंतु ज्याला अक्षरओळख नाही, अशा मनुष्याला सुंदर हस्ताक्षरातले पत्र दाखविले, तर तो काय म्हणेल? "रेघा मोठ्या सुरेख आहेत," एवढेच. पत्र कोणाचे, कोणासाठी लिहिले, त्यात आनंदाची वार्ता आहे की दुःखाची, हे त्याला कळणार नाही. मूर्तीकडे केवळ शोभेची वस्तू म्हणून पाहणाऱ्याची अवस्था अशीच होते. मूर्तीलाही तिची लिपी असते, आणि ती शिकणे फारसे अवघड नाही.

या लिपीची मुख्य अक्षरे चार आहेत. पहिले अक्षर म्हणजे वाहन. शंकराचा नंदी, विष्णूचा गरुड, कार्तिकेयाचा मोर, गणपतीचा उंदीर ही वाहने आपणा सर्वांच्या परिचयाची आहेत. दुसरे अक्षर म्हणजे हातातील आयुध किंवा वस्तू: त्रिशूळ, चक्र, कमळ, अंकुश, पुस्तक, वीणा इत्यादी. तिसरे अक्षर म्हणजे मुद्रा, अर्थात हाताची विशिष्ट ठेवण. तळवा आपल्यासमोर व बोटे वर असली, तर ती अभयमुद्रा. "भिऊ नकोस," असे ती सांगते. तळवा समोर पण बोटे खाली असली, तर ती वरदमुद्रा होय. त्या हातातून काही दिले जात आहे, असा तिचा अर्थ आहे. चौथे अक्षर म्हणजे मूर्तीचा परिवार व परिसर: शेजारी कोण उभे आहे, पायाशी कोण पडले आहे, मागे झाड आहे की पर्वत, खाली पाणी आहे की कमळ.

ही अक्षरे शिल्पकाराने मनाला येईल तशी योजावयाची नसत. कोणती देवता कशी घडवावी, याची वर्णने जुन्या ग्रंथांतून सविस्तर दिलेली आढळतात. वेरूळच्या वाटेवर जो देवगिरी आपण पाहिला, तेथेच तेराव्या शतकात यादव राजांचा मंत्री हेमाद्री होऊन गेला. महाराष्ट्र त्याला हेमाडपंत या नावाने ओळखतो. त्याच्या 'चतुर्वर्गचिंतामणी' या प्रचंड ग्रंथातील व्रतखंडात अनेक देवतांच्या मूर्तींची लक्षणे एकत्र केलेली आहेत. राज्यकारभार पाहणाऱ्या मंत्र्याला मूर्तीच्या हातातील वस्तूंची नोंद करून ठेवावीशी वाटली, यावरून या भाषेचे त्या काळी केवढे महत्त्व होते ते दिसते.

ही भाषा किती काटेकोर आहे, याचे एकच उदाहरण पाहू. विष्णूला चार हात, आणि त्या हातांत शंख, चक्र, गदा व पद्म या चार वस्तू. या चार वस्तू चार हातांत किती प्रकारांनी ठेवता येतील? पहिल्या हातासाठी चार पर्याय, दुसऱ्यासाठी तीन, तिसऱ्यासाठी दोन आणि चौथ्यासाठी एक. त्यांचा गुणाकार केला म्हणजे चोवीस येतात. केशव, नारायण, माधव, गोविंद अशी जी चोवीस नावे संध्या करताना घेतली जातात, त्यांची मूर्तिरूपे शास्त्रकारांनी याच चोवीस क्रमांनी निश्चित केली आहेत. मुख तेच, मुकुट तोच, उभे राहण्याची रीतही तीच. शंख आणि गदा यांची जागा बदलली की नाव बदलले! एका वेलांटीने शब्दाचा अर्थ बदलावा, तसेच हे आहे.

एवढी तयारी झाल्यावर आता लेण्यांत प्रवेश करू. वेरूळ येथे क्रमांक दिलेली मुख्य लेणी चौतीस आहेत. एक ते बारा ही बौद्ध, तेरा ते एकोणतीस ही हिंदू आणि तीस ते चौतीस ही जैन लेणी होत. तीन धर्मांच्या उपासकांनी एकाच डोंगराच्या कुशीत आपापली मंदिरे कोरली. १९८३ साली या लेण्यांचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला.

चौदाव्या लेण्याला लोक 'रावण की खाई' म्हणतात. त्याच्या प्रदक्षिणामार्गाच्या भिंतीवर सप्तमातृका, म्हणजे सात माता, ओळीने बसलेल्या आहेत. त्यांच्याबरोबर लहान बालकेही कोरलेली आहेत. प्रथमदर्शनी या साती जणी सारख्याच वाटतात. कोणती कोण, हे मुखावरून ओळखता येत नाही. परंतु शिल्पकाराने प्रत्येकीच्या आसनाखाली तिचे वाहन कोरून ठेवले आहे. हंस दिसला, ती ब्राह्मी. नंदी दिसला, ती माहेश्वरी. मोर असेल तर कौमारी, गरुड असेल तर वैष्णवी, वराह असेल तर वाराही, हत्ती असेल तर इंद्राणी आणि घुबड असेल तर चामुंडा. कोठेही नाव कोरलेले नाही, आणि तरीही सातही नावे तेथे लिहिलेली आहेत. बाराशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही शाळेतला विद्यार्थी ती वाचू शकतो.

यातील इंद्राणीचा हत्ती लक्षात ठेवून आता जैन लेण्यांकडे जाऊ. बत्तिसाव्या लेण्याचे प्रचलित नाव 'इंद्रसभा' असे आहे. या लेण्यात हत्तीवर बसलेली एक भव्य पुरुषमूर्ती आहे, आणि तिच्यासमोरच्या बाजूस सिंहावर बसलेली एक स्त्रीमूर्ती आहे. पूर्वीच्या लोकांनी हत्ती पाहिला आणि "हा ऐरावतावर बसलेला इंद्र," असे ठरवून टाकले. मग शेजारची स्त्री अर्थातच इंद्राणी, आणि ही सगळी इंद्राची सभा! पण आपण नुकतीच चौदाव्या लेण्यात इंद्राणी पाहिली आहे. तिचे वाहन हत्ती आहे, सिंह नव्हे. शिवाय या स्त्रीच्या मस्तकावर आंब्याचे झाड पसरले आहे आणि जवळ बालक आहे. सिंह, आम्रवृक्ष आणि बालक ही तीनही लक्षणे जैन परंपरेतील अंबिका यक्षीची होत. हत्तीवर बसलेला पुरुषही इंद्र नसून यक्ष आहे, हे अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले. तोपर्यंत नाव रूढ झाले होते, ते आजही चालू आहे. एकच अक्षर वाचून सबंध शब्द ठरविला म्हणजे अशी चूक होते. मूर्ती ओळखताना एका खुणेवर थांबू नये. सर्व खुणा एकमेकींशी जुळतात की नाही, हे पाहावे.

येथवर आपण मूर्ती ओळखावयास शिकलो. परंतु नाव कळले म्हणजे अर्थ कळला, असे होत नाही. खूण आपल्याला 'ही देवता कोण' हे सांगते. ती अशी का घडविली, तिच्यातून काय सांगावयाचे आहे, ही त्यापुढची पायरी होय. ती चढण्यासाठी सोळाव्या लेण्यात, कैलास मंदिरात जावे लागेल.

कैलास मंदिर राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकाच्या उत्तरार्धात निर्माण झाले. इतर मंदिरे पायापासून कळसाकडे चढत जातात. हे मंदिर मात्र कळसापासून पायाकडे उतरत गेले. कारागिरांनी डोंगराच्या माथ्यावरून काळा पाषाण खोदत खोदत खाली यावे आणि आत दडलेले मंदिर मोकळे करावे, अशी ही रचना आहे. रचलेल्या भिंतीतील दगड चुकला तर काढून दुसरा बसविता येतो. येथे एकदा उडालेला टवका पुन्हा जोडण्याची सोय नव्हती. या राजवंशाच्या इ. स. ८१२-१३ मधील एका ताम्रपटात इलापूर येथील या अद्भुत मंदिराचे वर्णन आले आहे. ते पाहून देव तर विस्मित झालेच, पण "हे माझ्या हातून झाले तरी कसे?" असे प्रत्यक्ष शिल्पकारालाही वाटले, अशा आशयाचे ते वर्णन आहे.

मंदिर उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालू लागलो म्हणजे प्रथम अंगणाच्या उत्तर बाजूस तीन नदीदेवतांचे मंदिर लागते. मकरावर उभी ती गंगा, कासवावर उभी ती यमुना आणि कमळावर उभी ती सरस्वती. नदीला देवता मानून तिचे रूप कोरावयाचे, तर वाहन पाण्यातलेच हवे, हे उघडच आहे. या तीन नद्यांचा संगम प्रयागला होतो, अशी श्रद्धा आहे. आता हे मंदिर जेथे आहे तेथून प्रयाग शेकडो कोस दूर. हा मुलूख गोदावरीच्या खोऱ्याचा. तेथील उपासकांसाठी शिल्पकाराने तीन स्त्रीमूर्ती कोरल्या आणि जणू सारा त्रिवेणीसंगमच या अंगणात आणून ठेवला. ज्याला दूरची यात्रा घडणे शक्य नाही, त्यालाही येथे तीर्थाचे दर्शन घडावे, असा अर्थ आपणास त्यातून घेता येतो.

पुढे मागच्या बाजूने वळसा घालून दक्षिणेकडे आलो की वेरूळमधील अत्यंत प्रसिद्ध शिल्पापुढे आपण उभे राहतो. खाली अंधाऱ्या पोकळीत रावण आहे. आपल्या अनेक हातांनी तो कैलास पर्वत उपटू पाहत आहे. त्याचे हात चाकाच्या आऱ्यांसारखे चोहोंकडे ताणले आहेत. वर पर्वत हादरला आहे. पार्वती घाबरून शंकराच्या दंडाला बिलगली आहे. एक दासी पाठ फिरवून पळत सुटली आहे. आणि शंकर? तो आपल्या जागी स्वस्थ बसला आहे. त्याने फक्त पाय किंचित खाली दाबला आहे.

या शिल्पात त्रिशूळ उगारलेला नाही. क्रोधाने वटारलेले डोळे नाहीत. खाली वीस हातांची धडपड आहे, वर एका पावलाचा दाब आहे. बळ कशात असते, गाजावाजात की स्थैर्यात, याचे उत्तर शिल्पकाराने शब्दावाचून दिले आहे. मूर्तिशास्त्रात या प्रसंगाला 'रावणानुग्रह' असे नाव आहे, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अनुग्रह म्हणजे कृपा. पर्वताखाली सापडलेल्या रावणाचा गर्व उतरला, त्याने शंकराची स्तुती केली आणि शंकराने त्याला क्षमा केली, अशी कथा आहे. म्हणजे या शिल्पाचे नाव रावणाच्या पराभवावरून पडलेले नाही. ते त्याला मिळालेल्या क्षमेवरून पडले आहे.

आता प्रदक्षिणा पूर्ण करून आपण पुन्हा प्रवेशद्वाराशी येऊ. आत शिरताना अगदी समोरच एक शिल्प होते. मंदिर पाहण्याच्या उत्सुकतेत बहुतेक लोक त्यावरून नजर फिरवून पुढे निघून जातात. ते शिल्प आहे गजलक्ष्मीचे. कमळांनी भरलेल्या सरोवरात लक्ष्मी बसली आहे. सभोवती हत्ती आहेत. खालचे हत्ती सोंडेने घट भरून आणतात आणि वरचे हत्ती ते देवीच्या मस्तकावर रिते करतात.

आज आपण ज्या लक्ष्मीच्या तसबिरी व शोभेच्या मूर्ती पाहतो, त्यांपैकी अनेकींच्या हातातून सोन्याच्या नाण्यांची धार वाहत असते. कैलासाच्या दारातील लक्ष्मीपाशी नाणे शोधूनही सापडत नाही. तेथे आहे ते केवळ पाणी. आपल्या परंपरेत हत्ती हा मेघांचा सोबती मानला जातो. काळा, भव्य, गर्जना करणारा आणि सोंडेने पाणी उडविणारा प्राणी पाहून कवींना पावसाळी ढगाची आठवण व्हावी, यात नवल नाही. मेघांनी घट भरावेत, भूमीवर रिते करावेत, सरोवरे भरावीत आणि त्यांत कमळे फुलावीत. हीच लक्ष्मी, हेच वैभव! हे शिल्प ज्या मराठवाड्याच्या भूमीवर उभे आहे, तेथील शेतकऱ्याला हा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, विहिरींचे तळ ज्यांनी पाहिले, त्यांना पाण्याचा घट आणि सोन्याचा घट यांत अधिक मोलाचा कोणता, हे पक्के ठाऊक आहे. राजाने अपार द्रव्य खर्चून मंदिर कोरविले, परंतु त्याच्या दारात जी संपत्तीची देवता बसविली, ती पावसात न्हालेली बसविली.

अर्थात, मूर्तीच्या प्रत्येक खुणेचा एकच अर्थ असतो, असे समजू नये. काही अर्थ ग्रंथांत सांगितलेले असतात, काही कीर्तनकारांनी व आजीबाईंनी पुढे जोडलेले असतात, तर काही पाहणाऱ्याला स्वतःला सुचतात. गणपतीच्या हातातील अंकुश हे हत्तीला वळविण्याचे साधन आहे, ही झाली वस्तुस्थिती. अंकुशाने मन आवरावे, पाशाने भलत्या इच्छांना बांधावे आणि मोदक हा परिश्रमाअंती मिळणारा आनंद समजावा, हा झाला विचारवंतांनी सांगितलेला अर्थ. वस्तू नीट ओळखावी आणि मग अर्थाचा विचार करावा. वस्तूच न ओळखता अर्थ लावू गेले, तर इंद्रसभेसारखी फसगत होते.

वेरूळच्या अनेक मूर्तींचे हात, नाक, आयुधे भंगलेली आहेत. काही काळाने झिजली, काही माणसांनी फोडली. ज्या विष्णुमूर्तीचे चारही हात गेले, ती चोवीस रूपांपैकी कोणत्या रूपाची, हे आयुधांवरून सांगण्याचा मार्ग कायमचा बंद झाला. हात तुटला की केवळ दगडाचा तुकडा पडत नाही, एक अक्षर पुसले जाते. आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण या लेण्यांची देखभाल करते आणि अशा स्मारकांची हानी करणे हा १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही भिंतीवर आपले नाव कोरणारे, मूर्तीच्या मांडीवर बसून छायाचित्र काढणारे लोक अधूनमधून दिसतात. ज्याने लिहिलेले वाचले आहे, त्याच्या हातून हे घडत नाही. ज्या पत्राचा अर्थ आपल्याला कळला, ते पत्र आपण कधी चुरगाळीत नाही.

परतताना पुन्हा ती दुकाने लागतील. हारीने मांडलेल्या त्याच मूर्ती असतील. त्यांपैकी एखादी हातात घ्या आणि क्षणभर थांबा. वाहन पाहा, हात मोजा, प्रत्येक हातात काय आहे ते पाहा, तळवा कोणीकडे वळला आहे ते पाहा. मूर्ती घेतलीच, तर तिला घरी शोभेच्या कपाटात ठेवा की देवघरात, तो तुमचा प्रश्न आहे. मात्र तुमच्या धाकट्या भावंडाने, "ताई, हिच्या हातात हे काय आहे?" असे विचारले, तर तुम्हाला त्याचे उत्तर देता आले पाहिजे. बाराशे वर्षांपूर्वी ज्याने पाषाणात ही अक्षरे कोरली, त्याचे नाव आपणास ठाऊक नाही. त्याचे लिहिणे वाचले जावे, एवढे मात्र आपल्या हाती आहे.

स्वाध्याय

१. मूर्तीच्या लिपीची चार अक्षरे कोणती? प्रत्येकाचे एक उदाहरण द्या.
२. विष्णूची चोवीस रूपे चार आयुधांवरून कशी सिद्ध होतात, ते गणिताच्या साहाय्याने स्पष्ट करा.
३. बत्तिसाव्या लेण्याचे 'इंद्रसभा' हे नाव चुकीच्या समजुतीने पडले, हे कोणकोणत्या लक्षणांवरून ठरविता येते?
४. 'खाली वीस हातांची धडपड आहे, वर एका पावलाचा दाब आहे.' या वाक्याचा आशय तुमच्या शब्दांत लिहा.
५. कैलासाच्या दारातील लक्ष्मीपाशी नाणी का नसावीत, असे तुम्हाला वाटते?
६. तुमच्या घरातील किंवा गावच्या देवळातील एक मूर्ती जवळून पाहा. तिचे वाहन, आयुधे, मुद्रा व परिवार यांची नोंद करून दहा ओळींत वर्णन लिहा.